हौसाकाकूंचा गाता अबोला

हौसाकाकू नवऱ्याशी अकरा वर्षं एक शब्द बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी त्याच्याशी गायच्या मात्र. हे वाचून तुम्हाला वाटेल, लिहिणाऱ्या म्हातारीचं काहीतरी बिनसलंय. आष्ट्याला बिऱ्हाड केलं त्या पहिल्या संध्याकाळी मलाही असंच वाटलं होतं. फक्त मी तेव्हा म्हातारी नव्हते, आणि बिनसतं ते नेहमी दुसऱ्याचं, अशी माझी खात्री होती.

मी बावीस वर्षांची. माहेर साताऱ्याचं, शिक्षण बी. ए., आणि गाण्याच्या तीन परीक्षा पास. चौथीत नापास झाले होते. ते लग्न ठरवताना घरच्यांनी सांगितलं नाही आणि पुढं मीही विसरून गेले. आमचे हे आष्ट्याच्या शाळेत गणित शिकवायचे. सुभेदार नानांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. पुढं नानांचा सोपा, म्हणजे बैठकीची ओसरी, मध्ये त्यांचं स्वयंपाकघर, आणि त्याला भिंत लावून आमचं बिऱ्हाड. तिकडचं काहीही ऐकायला भिंतीला कान लावायची गरज नव्हती. तरी मी लावायची.

त्या दिवशी डबे फळीवर मांडत होते तोवर दिवेलागण झाली, आणि भिंतीपलीकडून एक बाई गायला लागली. परकी भाषा, गिटारीचा ठेका, मध्येच कुणीतरी टाळ्या वाजवतंय. ती थांबली की लांबून, सोप्याकडून, पुरुषाचा पुसट आवाज यायचा. तो थांबला की पुन्हा ही. मी यांना म्हटलं, "इंग्रजी गाणं आहे. जुन्या वळणाचं इंग्रजी." बी. ए.ला माझा इंग्रजी विषय होता. हे पडले गणिताचे, त्यांनी मान डोलावली. ते स्पॅनिश होतं हे मला दोन वर्षांनी रेकॉर्डच्या पाकिटावरून समजलं. यांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

मग त्या जुन्या वळणाच्या इंग्रजीत एक जाडाभरडा आवाज मिसळला. सोप्यातून नाना चालीवर गात होते, "आज भाकर करपली हुतीऽ, खाली काळी वरनं पिवळी हुतीऽ." आणि स्वयंपाकघरातून, त्या परदेशी बाईच्या आवाजात आवाज घालून, काकूंनी उत्तर दिलं, "दात हैत तवर खावाऽ, दात पडल्यावर पेज द्यूऽ."

हातातला डबा तसाच धरून मी उभी राहिले. चाल बरोबर होती. ठेका बरोबर होता. तीन परीक्षांत असं काही कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारायला गेले. काकू उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलताना कधी बसायच्या नाहीत. हातात मुसळ नाहीतर पळी. गावात त्यांच्या चटणीचं नाव होतं, त्यामुळं हात सदा तिखटाचे. डोळ्यांत काही गेलं तर हात लावायची सोय नाही, म्हणून त्या खांदा वर उचलून पदरालाच डोळा घासायच्या. ती त्यांची सवय इतकी झाली होती की हात धुतलेले असले तरी खांदाच उचलला जायचा.

"काकू, काल तुम्ही नानांशी गाण्यात बोलत होता का?"

"बोलत न्हवते," काकू म्हणाल्या. "त्यांचा माजा अबोला हाय. नऊ वरसं झाली."

"पण मी ऐकलं ना. भाकरीबद्दल."

"गात हुते. अबोला बोलायचा धरलाय, गायचा कुटं धरलाय?"

यात काही चूक आहे हे मला दिसत होतं, पण ती कुठं आहे ते सापडेना. यांना विचारलं तर हे म्हणाले, "तर्काला धरून आहे."

ती रेकॉर्ड घरात कशी आली, हेही ऐकण्यासारखं. नाना पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी शांतिसेनेबरोबर कुठल्याशा वाळवंटात होते. शेजारच्या तळावर दक्षिण अमेरिकेतले शिपाई. काकूंनी इकडून पत्र्याच्या डब्यातून कांदालसणाची चटणी पाठवलेली. त्यांच्यातल्या एका वाजंत्र्यानं ती पावाला लावून खाल्ली, तासभर रडला, आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागायला आला. डबा संपला तेव्हा त्यानं नानांच्या हातात एक रेकॉर्ड ठेवली. पाकिटावर मिशीवाला माणूस आणि केसात लाल फूल खोवलेली बाई, पाठीला पाठ लावून उभे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी दोघांनी मिळून म्हटलेली गाणी.

"त्यो म्हनतो म्या आनली," काकू सांगायच्या. "ती बाई माज्या चटनीवर आलीया."

नाना पेन्शनीत आले तेव्हा त्यांनी दोन स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर आणला. दोन्ही खोकी सोप्यात मांडली, तर काकूंनी तक्रार केली, चुलीपाशी काही ऐकू येत नाही. तेव्हा दोघं बोलत होती. नानांनी वायर लांबवून एक खोकं स्वयंपाकघरात मांडणीवर ठेवलं. आणि त्या जुन्या रेकॉर्डची गंमत अशी, की पुरुषाचा आवाज एका खोक्यातून निघायचा आणि बाईचा दुसऱ्यातून. बाई गेली चुलीपाशी, पुरुष राहिला सोप्यात. आपल्याकडं दुसरं काय होणार.

अबोला धरला तो त्याच वर्षी. थोरली मुलगी शालन अठराची झाली होती. मलकापूरचे पाहुणे आले, बोलणी झाली, सुपारी फुटायची वेळ आली. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं रीत म्हणून विचारलं, "आईचं काय म्हननं हाय?" काकू दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभ्या. नाना म्हणाले, "तिला काय इचारायचं? तिला काय कळतंय?"

काकूंनी चहा दिला. लग्न लावून दिलं. शालनला सासरी धाडलं. आणि मांडव उतरला त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. "मला कळतच न्हाई, तर बोलून काय उपेग?" एवढंच शेजारणीला म्हणाल्या. नानाही सुभेदार. त्यांनी तिकडून बोलणं बंद केलं.

खरी पंचाईत अशी झाली, की जावई सोन्यासारखा निघाला. शालन सुखात होती. नानांना वाटायचं, बघा, मीच बरोबर. मीही एकदा शहाणपणानं काकूंना म्हटलं, "पण काकू, स्थळ तर चांगलं निघालं ना."

"निगालं, देवाची किरपा," काकू म्हणाल्या. "वाफसा न बगता पेरलं आनि उगवलं, म्हनून पेरनारा शाना हुतो व्हय गं मास्तरीन?"

वर्षभरात दोघांनाही गप्प राहून जड झालं असणार. एका संध्याकाळी नानांनी रेकॉर्ड लावली आणि बाहेरून चालीवर म्हटलं, म्हशीनं आज दूध दिलं का. पलीकडं बराच वेळ नुसती परदेशी बाई. मग कडवं फिरून आलं तेव्हा काकूंनी म्हटलं, "म्हस शानी हाय, तिला मानूस कळतोय." तिथून पायंडा पडला. दळण, पाणी, पाहुणे, सुमनची वसतिगृहाची फी, सगळं संध्याकाळी अर्ध्या तासात गाऊन घ्यायचं. सुमन म्हणजे धाकटी, कऱ्हाडला शिकायला होती. एखादी गोष्ट गायची राहिली तर उद्यावर. तिसऱ्या गाण्याची चाल संथ होती, ती दुखण्याखुपण्याची. पाचवं जलद, ते भांडणाचं. पाचव्यात नानांची दमछाक व्हायची, कारण काकू श्वास न घेता चार ओळी मारायच्या.

आता माझं ऐका. मी तीन परीक्षांची बाई, मला राहवेना. महिनाभरात मी काकूंना सुधारायला गेले. म्हटलं, "तुमचा वरचा स्वर थोडा कमी लागतो. सकाळी तंबोऱ्यावर षड्ज धरत जा." काकू लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "कमी लागतो तर त्यास्नी कळतं न्हवं, मी काय म्हनतिया?"

"कळतं."

"मंग झालं की. मला काय वरात काढायचीया आवाजाची?"

शिकवणी तिथंच संपली. शिकवायला गेले ते राहिलं, उलट मीच शिकले, पण चुकीचं. एकदा हे मला न सांगता मित्राला जेवायला घेऊन आले, तेव्हा मी ठरवलं, आपणही अबोला धरायचा. सकाळी धरला. दुपारी यांच्या तो लक्षात आला नव्हता. चार वाजता मीच विचारलं, "तुमच्या लक्षात आलं का, मी सकाळपासून बोलत नाहीये?" काकू भिंतीपलीकडून हसल्या. संध्याकाळी अंगणात गाठून म्हणाल्या, "अबोला धरायला दम लागतो, मास्तरीन. आनि ज्येच्यावर धरायचा त्येला आदी ऐकायची सवं लागती. तुजा मास्तर आकडं मोजतोय. त्येच्यावर धरून काय उपेग?"

दुसऱ्या उन्हाळ्यात मी जे केलं, ते आजही आठवलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरावीशी वाटते.

चैत्राचं ऊन. माडीच्या गच्चीवर आम्ही कुरडया घालत होतो. काकू खाली चीक घोटायला गेल्या आणि मला कावळे हाकलायला बसवून गेल्या. नाना मळ्यात. बसून बसून मला सत्कृत्य सुचलं. सकाळी सोप्यात मी रेकॉर्ड पाहिली होती. स्वयंपाकघराची काजळी, तेलकट धूळ, रेघा बुजलेल्या. मला वाटलं, काकूंचा वरचा स्वर कमी लागतो तो यामुळंच. खाली जाऊन मी रिठे भिजवले. माझ्या रेशमी साडीला जसा हात लावायची तसाच हळुवार हात लावून ती रेकॉर्ड धुतली, दोन पाण्यांतून काढली, आणि पाणी निथळावं म्हणून गच्चीवर पालथ्या पातेल्यावर ठेवली. कुरडयांच्या रांगेत, भर उन्हात. कावळे येऊ नयेत म्हणून पहारा दिला, तो वेगळाच.

मग माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा काकू चिकाचं पातेलं घेऊन जिन्याशी उभ्या होत्या. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं पाहिलं. रेकॉर्ड पालथ्या पातेल्याच्या अंगाला घट्ट चिकटून खाली आली होती. कडा झालरीसारख्या. एखाद्या साहेबाची टोपी असावी तशी.

काकूंनी चिकाचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वाळली का गं?"

मी रडायला लागले. काकूंनी ती टोपी पातेल्यावरून काढली, उलटी केली, तर तिचा वाडगा झाला. बुडाला मधोमध भोक. त्यातून त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "इचारलं असतंस तर सांगितलं असतं," म्हणाल्या. "ऊन कुनाला सोसतं आनि कुनाला न्हाई, ते आमाला कळतं. कुरड्या घालतो आमी."

नाना संध्याकाळी आले. मी रडत रडत कबुली दिली. त्यांनी वाडगा उलटसुलट केला, बोटानं कड चाचपली, आणि पलटणीतला एकच शब्द उच्चारला, "कॅज्युअल्टी." मग मोकळं पाकीट मांडीवर घेऊन सोप्यात बसून राहिले. मिशीवाला माणूस आणि फुलवाली बाई तशीच पाठीला पाठ लावून. त्या दिवशी दिवेलागणीला घरात कुणी गायलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नानांकडं बँडच्या रेकॉर्डी होत्या, पण बँडमध्ये बाई कुठून आणायची? मी काकूंना म्हटलं, "चाल तर तुम्हाला पाठ आहे. तशाच गा."

"बाजा न्हाई, बाई न्हाई. नुसत्या तोंडानं मंजी बोलनंच की गं ते." काकूंचे नियम पक्के होते.

चार दिवसांत घराचं गाडं अडलं. दळण संपलं ते नानांना कळलं नाही, म्हैस आजारी पडली ते काकूंना कळलं नाही. भिंतीपलीकडं इतकी शांतता, की मला आमच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मी इतकी वर्षं गाणं शिकले, पण एखाद्या घरातून गाणं गेलं की काय जातं, ते तेव्हा समजलं. पाचव्या दिवशी काकूंनी मला बोलावून शिक्षा सांगितली.

"रेकाड तू मोडलीस. आता तूच वाज."

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या उंबऱ्यावर उभी. नाना म्हणायचे, तिला सांग. काकू म्हणायच्या, त्यास्नी सांग. पहिल्या दिवशी नाना म्हणाले, "तिला सांग, आमटी खारट झालीया." मला वाटलं, हीच संधी. मी काकूंकडं वळून म्हटलं, "नाना म्हणतात, आमटी फार सुरेख झाली होती, मीठ जरासं पुढं होतं इतकंच."

"ह्यो मानूस सुरेक म्हननार न्हाई," काकू पळी न थांबवता म्हणाल्या. "रेकाड खराब हाय. पुन्ना लाव."

अशी दोन महिने मी वाजले. कधी तिखटात साखर घातली, कधी रागाच्या भरात उलट केलं. दोघांना प्रत्येक वेळी कळायचं. मला वाटायचं, आपण या घराचं भलं करतोय. यांना म्हणालेसुद्धा, की आणखी थोडे दिवस दिलेत तर मी हा अबोला मोडून दाखवते. हे म्हणाले, "किती दिवस?" गणिताचा माणूस.

मग सुमनचं स्थळ आलं.

त्या संध्याकाळी नाना इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. घसा साफ करून म्हणाले, "तिला सांग, सुमीला बगाया रविवारी इस्लामपूरचं पावनं येत्यात. पोरगा वकील हाय. घर बरं हाय. पोह्याचं बगून ठेव म्हनावं."

मी काकूंकडं वळले. सांगायची गरज नव्हती, चार हातांवर तर होत्या. त्यांची पळी पातेल्यात थांबली होती. त्या माझ्याकडं बघत होत्या, आणि मला एकदम दिसलं, की अकरा वर्षांपूर्वी चहाचा ट्रे घेऊन दाराआड ही बाई कशी उभी असेल.

"आनि?" काकूंनी मला विचारलं.

मी नानांकडं वळले. "आणि?"

"आनि काय?" नाना म्हणाले. "चा."

दोन महिने मी दोघांचे शब्द बदलत आले होते. आताही बदलता आले असते. नाना विचारतायत तुम्हाला काय वाटतं, एवढं एक वाक्य मी सहज खपवलं असतं, आणि काकूंनी ते या वेळी मानलंही असतं, इतक्या त्या ते ऐकायला आसुसल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मला आपल्याला काहीतरी कळत नाही असं वाटलं, आणि मी तोंड आवरलं.

"नाना," मी म्हटलं, "ही रेकॉर्ड इथं संपली. पुढची बाजू तुम्हीच लावा."

आणि मी उंबरा सोडून मागच्या दारानं आमच्या खोलीत गेले. भिंतीला कान लावला, हे वेगळं सांगायला नको.

बराच वेळ नुसती चुलीची फुरफुर. मग सोप्यातून नानांनी चाल धरली, तिसऱ्या गाण्याची, संथ, दुखण्याखुपण्याची. शब्द नव्हते, नुसतं गुणगुणणं. काकूंकडून काही नाही. बाजा नाही, बाई नाही. नियम म्हणजे नियम. नानांचा आवाज दुसऱ्या कडव्यात चिरकला आणि बंद पडला. मग पावलं. उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"हौसा."

काही नाही.

"शालीच्या टायमाला इचारलं न्हाई तुला. चुकलं माजं."

पातेल्यात काहीतरी रटरटत होतं.

"सुमीचं काय करायचं? तुला काय वाटतंय?"

मला वाटलं, आता काकू रडणार. निदान गाणार. पळी पातेल्याच्या काठावर दोनदा आपटल्याचा आवाज आला आणि अकरा वर्षांनंतर काकू नवऱ्याशी बोलल्या.

"मला काय इचारताय? सुमीला इचारा. नांदायचं तिला हाय."

नाना "बरं," म्हणाले. मग म्हणाले, "आनि तुला?"

"मला इचारलंसा. पोचलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाना कऱ्हाडला गेले. सुमननं नको म्हणून सांगितलं, तिला नर्सिंग पुरं करायचं होतं. रविवारचे पाहुणे आले नाहीत. पोहे आम्हीच खाल्ले. पुढं सुमन मिरजेला नर्स झाली आणि लग्न केलं ते तिशीला. त्या वेळी तिनं आईला विचारलं.

पण तुम्हाला वाटेल, मग घरात आनंदीआनंद. अहो, अकरा वर्षांचं साठलेलं बोलणं. काकू पहाटे उठल्यापासून सुरू व्हायच्या. मागच्या कितीतरी दिवाळ्यांतल्या चुका, म्हशीची, मळ्याच्या बांधाची, जावयाला दिलेल्या पायताणाची, एकेक काढून नानांपुढं ठेवायच्या. आठवड्यानं नाना मला अंगणात गाठून हळूच म्हणाले, "मास्तरीन, ती रेकाड इस्त्रीनं सरळ हुईल का गं?"

नव्हती होणार. काकूंनी त्या वाडग्यात लसूण ठेवायला सुरुवात केली होती. "मदी भोक हाय, त्ये लय बरं," म्हणायच्या. "लसनाची सालं आपसूक खाली गळत्यात."

त्याच वर्षी यांची बदली झाली आणि आम्ही सांगलीला आलो. विश्रामबागेत घर झालं, मुलं झाली, मुलांची लग्नं झाली. आष्ट्याला जाणं-येणं चालू राहिलं. नाना जाऊन वीसेक वर्षं झाली. नंतर काकू शालनकडं मलकापूरला राहायला गेल्या. ज्या घराचं त्यांना विचारलं नव्हतं, त्याच घरात शेवटची वर्षं सुखानं काढली. जावई रोज सकाळी येऊन विचारायचा, "आत्याबाय, आज भाजी कसली करायची?" काकूंना भाजीत गम्य उरलं नव्हतं. पण उत्तर द्यायच्या, तेही विचार करून.

तीन वर्षांपूर्वी भेटायला गेले. काकूंनी नव्वदी गाठली होती. उजवा कान पार गेलेला, डावा कामापुरता. उशाशी भिंतीला ते रेकॉर्डचं पाकीट टांगलेलं. त्याचा फोटो काढला की आजकाल फोन गाणं शोधून देतो, हे मला नातीनं शिकवलं होतं. दिलं शोधून. वायरीची कानातली दोन बोंडं माझ्या पिशवीत होती. एक काकूंच्या डाव्या कानात घातलं, दुसरं माझ्या कानात. तिसरं गाणं लावलं.

माझ्या कानात बाई गायला लागली. चुलीपाशी ऐकलेली, तीच. ती थांबली, आणि काकूंच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यो कोन?"

"सोप्यातला, काकू. रेकॉर्डवरचा."

"मंजी नाना न्हवं?"

"नाही हो. तो मिशीवाला."

काकू पाकिटाकडं बघत राहिल्या. मला उशिरा उमगलं. इतकी वर्षं त्यांच्या खोक्यातून फक्त बाई गायची. पुरुषाचं खोकं लांब सोप्यात, आणि त्याच्यावर नानांचा पलटणीतला आवाज. त्या माणसाला त्यांनी कधी धड ऐकलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ते गाणं एक परदेशी बाई आणि नाना, असंच होतं.

त्यांनी पूर्ण कडवं ऐकलं, लक्ष देऊन, भाजी निवडताना किडकी शेंग बघतात तसं.

"बरा हाय," म्हणाल्या. "पर आमच्या म्हाताऱ्याचा ठसका न्हाई." मग म्हणाल्या, "ती बाई कुटं गेली?"

"ती माझ्या कानात आहे."

"मंग तू गा की. तीन परीक्षा दिल्यास न्हवं?"

मी गायले. त्या गाण्याचे खरे शब्द मला आजही येत नाहीत, येत होते ते काकूंचे. दात हैत तवर खावा, दात पडल्यावर पेज द्यू. ते पहिल्या गाण्याचे, तिसऱ्याच्या चालीवर ओढून बसवले. माझा वरचा स्वर कमी लागला. काकूंनी खांदा वर उचलून पदराला डोळा घासला. चटणी कुटून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती.

त्या पावसाळ्यात काकू गेल्या. दिवसकार्य झाल्यावर शालननं माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. म्हणाली, आई सांगून गेलीय, ह्ये मास्तरणीला द्या, तिनंच बनिवलंय.

आता तो काळा वाडगा माझ्या ओट्यावर असतो. लसूण ठेवते. सालं भोकातून आपसूक गळतात. मधूनमधून तेलकट होतो, धुवायला लागतो. धुवायच्या आधी मी यांना विचारते, "वाडगा धुऊ का?" यांना त्यातलं काही कळत नाही. तरी विचारते.